मोडेमला फोन लावायला शिकवा: जुन्या डायल-अप मोडेमची डायलिंग सेटिंग पहिल्यापासून

मागच्या दिवाळीला साफसफाई करताना माळ्यावरून बाबांचा १९९९ चा कॉम्प्युटर खाली काढला आणि त्याच्याच खोक्यात एक एक्स्टर्नल मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणारा डबा सापडला, ५६ के स्पीडवाला, पुढे लाल दिव्यांची रांग. अडॅप्टर लावला, दिवे लागले, आणि मला वाटलं आता काय, फोनची पिन घातली की झालं. प्रत्यक्षात पहिला धड कॉल लागायला तीन आठवडे गेले. मोडेम चांगला होता, वायर चांगली होती, फक्त फोन कसा लावायचा हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत जे जे अडलं ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. आपण हाताने फोन लावतो तेव्हा नकळत बऱ्याच गोष्टी करतो. रिसीव्हर उचलतो, टोन येतोय का ऐकतो, इंटरकॉम असेल तर शून्य दाबून बाहेरची लाइन मिळेपर्यंत थांबतो, मग नंबर दाबतो, रिंग जातेय का एंगेज आहे ते ऐकतो, कोणीच उचलत नसेल तर ठेवून देतो. मोडेमला यातली प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते, कुठे थांबायचं, किती सेकंद थांबायचं, काय ऐकायचं, कधी सोडून द्यायचं. डायलिंगची सगळी सेटिंग म्हणजे एवढंच.

आधी हे सगळं जवळ ठेवा

- मोडेम आणि त्याचाच अडॅप्टर (दुसरा लावण्याआधी व्होल्टेज बघा, एसी आहे का डीसी तेही बघा, बऱ्याच जुन्या मोडेमना एसी अडॅप्टर लागतो)
- सिरियल केबल, आणि कॉम्प्युटर नवा असेल तर यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर
- एक साधा बटणांचा फोन, हा लागतोच, याच्याशिवाय सुरुवात करू नका
- दोन-तीन फोनच्या वायरी, दोन्हीकडे पिन असलेल्या
- टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे मोडेमला कमांड टाइप करायचा: विंडोज ९८ किंवा एक्सपीत हायपरटर्मिनल असतोच, व्हिस्टापासून पुढे तो नाही त्यामुळे पुटी घ्या, लिनक्सवर मिनिकॉम
- मोडेमचं मॅन्युअल मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर निदान त्याच्या मागचा मॉडेल नंबर लिहून ठेवा
- वही आणि पेन, हे मी मनापासून सांगतोय

आणि जमलं तर एक छोटा इंटरकॉम बॉक्स, एक बाहेरची लाइन आणि चार-सहा एक्स्टेन्शन वाला, जो पूर्वी दवाखान्यात नाहीतर वकिलांच्या ऑफिसात असायचा. जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. हा असला की दुसरा मोडेम लावून घरातल्या घरात कॉल करून बघता येतो, बाहेरच्या लाइनला हात लावायची गरजच नाही.

१. पहिला कॉल हाताने लावा

मोडेम बाजूला ठेवा. ज्या वायरीवर तो लावणार आहात तिथे साधा फोन लावा आणि जो नंबर मोडेमकडून लावायचाय तोच हाताने लावा. लावताना वहीत लिहा: रिसीव्हर उचलल्यावर टोन लगेच आला का दोन सेकंदांनी, टोन सलग आहे का तुटक तुटक, शून्य दाबल्यावर दुसरा टोन आला का, यायला किती वेळ लागला, शेवटचा आकडा दाबल्यापासून रिंग सुरू व्हायला किती वेळ गेला.

माझ्या वहीत हे असं होतं: "उचलला, टोन लगेच. ० दाबला, खट्ट, शांत, अडीच सेकंदांनी दुसरा टोन. नंबर दाबला, सहा सेकंद शांत, मग रिंग." पुढचं सगळं या एका ओळीवरून ठरलं.

इथेच लाइनचा आवाजही ऐका. खरखर असेल तर आधी ती काढा. माझ्याकडे रोझेटच्या (भिंतीवरच्या फोनच्या डबीच्या) आत तांब्याची तार हिरवी पडली होती, टोकं छाटून पुन्हा आवळली तर निम्मी खरखर गेली. रोझेट उघडताना फोन वाजला तर झटका बसतो, कारण रिंगचं व्होल्टेज एरवीच्या ४८ पेक्षा बरंच जास्त असतं, तेव्हा पकड कोरडी ठेवा.

२. वायर कुठली कुठे

मोडेमच्या मागे दोन खाचा असतात, एकावर लाइन लिहिलेलं किंवा भिंतीचं चित्र, दुसऱ्यावर फोन. भिंतीतली वायर लाइनमध्ये, साधा फोन दुसऱ्या खाचेत. उलटं लावलं तर काही मोडेमवर चालल्यासारखं वाटतं, काहींवर अजिबात नाही, आणि माणूस सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो.

त्याच लाइनवर दुसऱ्या खोलीत पॅरलल फोन असेल तर कॉल चालू असताना कोणी तो उचलला की संपलं. चाचणी करताना तो काढूनच ठेवा.

लाइन फायबरवरची असेल, म्हणजे इंटरनेटच्या डब्यातूनच फोनची वायर निघत असेल, तर आवाज आत पॅकेट बनून जातो. टोन येतो, नंबर लागतो, पलीकडचा मोडेम उचलतोही, पण जुळणी होताना, म्हणजे दोन्ही मोडेम सूर ऐकून एकमेकांशी स्पीड ठरवताना, तुटतं किंवा स्पीड अगदीच खाली येतो. त्या डब्याच्या सेटिंगमध्ये कोडेक (आवाजाचे पॅकेट बनवायची पद्धत) निवडता येत असेल तर जी.७११ ठेवा, जी.७२९ ठेवलात तर मोडेमचा आवाज दाबला जातो आणि काहीच चालत नाही. तरीही खात्री नाही. शिकायला तांब्याची लाइन किंवा इंटरकॉमच बरा.

३. मोडेमशी बोलून बघा

टर्मिनल उघडा, बरोबर पोर्ट निवडा, स्पीड ११५२०० (जुना मोडेम असेल तर ९६००), आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल हार्डवेअर. मग एटी टाइप करून एंटर. उत्तरात ओके आलं पाहिजे.

या लेखात कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका. मधली जागा मी वाचायला सोपं जावं म्हणून सोडलीय, मोडेम तिच्याकडे लक्ष देत नाही.

या एटी कमांड हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून आलेल्या, आणि नंतर जवळपास सगळ्यांनी त्याच उचलल्या. म्हणून तुमचा मोडेम कुठल्याही कंपनीचा असला तरी पुढचं बरंचसं लागू पडेल. &चिन्हाने सुरू होणाऱ्या कमांड मात्र कंपनीगणिक बदलतात, तिथे मॅन्युअल बघा.

आपण टाइप केलेलं दिसत नाही पण ओके येतो, तर एटी ई१. ओकेच्या जागी नुसता ० येतो, तर एटी व्ही१. काहीच येत नाही, तर एटी क्यू१ सेव्ह करून ठेवलेलं असू शकतं, तेव्हा न दिसताच एटी क्यू० टाइप करून एंटर मारा. तरीही शांतता असेल तर पोर्ट चुकलाय किंवा केबल.

आतल्या पीसीआय कार्डाचा मोडेम असेल तर एक अडचण वेगळी आहे, त्यातले बरेच विंडोजच्या ड्रायव्हरवरच चालतात, ड्रायव्हर नाही तर पोर्टच दिसत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने एक्स्टर्नलच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. दिवे समोर दिसतात, आणि दिव्यांवरून निम्मं कळतं.

ओके आला की आधी एटी &एफ, म्हणजे आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते सगळं पुसून कंपनीची मूळ सेटिंग येते. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला &एफ१ द्या. मग एटी एम१ एल२, म्हणजे स्पीकर जुळणी होईपर्यंत चालू आणि आवाज मध्यम. स्पीकर बंद करू नका. घरचे वैतागतात हे मला माहीत आहे, तरीही शिकताना बंद करू नका, का ते सहाव्या भागात कळेल.

४. टोन का पल्स

फोनचं बटण दाबल्यावर पीं असा सूर येत असेल तर टोन, टक टक टक येत असेल तर पल्स. टोनसाठी एटी डी टी आणि पुढे नंबर, पल्ससाठी एटी डी पी आणि पुढे नंबर. पल्समध्ये सेकंदाला दहा ठोके जातात आणि शून्य म्हणजे दहा ठोके, त्यामुळे नंबर लावायलाच वेळ जातो, आणि स्टार-हॅश पल्समध्ये जातच नाहीत.

आज बाहेरच्या लाइनवर टोनच ठेवा. पल्सची गरज पडते ती जुन्या इंटरकॉम बॉक्सवर. माझा बॉक्स आतल्या एक्स्टेन्शनसाठी टोन ओळखायचा पण लहान पीं झालं की आकडा गाळायचा. त्यावर उपाय एस११, म्हणजे प्रत्येक आकड्याचा सूर किती मिलिसेकंद वाजवायचा. बहुतेक मोडेममध्ये तो ९५ च्या आसपास असतो, मी एटी एस११=१५० केलं आणि आकडे गळणं थांबलं.

एकाच नंबरात दोन्हीही मिसळता येतं. समजा बॉक्सला शून्य पल्सने लागतं आणि बाहेर टोन, तर डी पी ० , टी आणि पुढे नंबर, असं.

५. डायल टोनचं त्रांगडं

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. कानाला डायल टोन स्वच्छ ऐकू येतोय आणि मोडेम म्हणतोय नो डायलटोन. मी चार दिवस वायरी बदलत बसलो होतो.

कारण साधं आहे. अमेरिकेतला डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपल्याकडचा टोन ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर, म्हणून तो घुर्रर्र असा ऐकू येतो. तिकडच्यासाठी बनवलेल्या मोडेमला हा टोन कधी ओळखू येतो, कधी येत नाही. इंटरकॉम बॉक्सचा टोन तर बनवणाऱ्याच्या मनाप्रमाणे. आणि लाइनवर व्हॉइसमेल असेल तर निरोप पडून असताना टोन तुटक येतो, तेव्हाही मोडेम गोंधळतो, काल चालत होतं आणि आज नाही असं झालं तर हे आधी बघा.

मोडेमने काय ऐकायचं हे एक्स कमांड ठरवते:

एक्स० आणि एक्स१: टोन ऐकत नाही, एंगेज ओळखत नाही, सरळ नंबर लावतो.
एक्स२: टोन येईपर्यंत थांबतो, एंगेज ओळखत नाही.
एक्स३: टोनची वाट बघत नाही, पण एंगेज ओळखतो.
एक्स४: दोन्ही करतो, बहुतेक मोडेम यावरच येतात.

तुम्ही एटी एक्स३ द्या. विंडोजमधून करायचं असेल तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये "डायल करण्याआधी डायल टोनची वाट बघा" अशा अर्थाचा चौकोन असतो, त्याची टिक काढा, आतून तेच होतं.

पण एक्स३ केलं म्हणजे मोडेम आता आंधळेपणाने नंबर लावणार, टोन आलाय का नाही हे न बघता. म्हणून लाइन उचलल्यावर किती सेकंद थांबायचं ते एस६ मध्ये सांगा. मूळ किंमत २ असते. तुमच्या वहीत टोन लगेच आला असं लिहिलं असेल तर २ पुरतात, उशिरा येत असेल तर एटी एस६=४.

जरा नंतरच्या काळातला मोडेम असेल तर अजून चांगला उपाय आहे, देश सांगायचा. एटी +जीसीआय=? टाकून बघा, यादी आली तर एटी +जीसीआय=५३ द्या, ५३ हा भारताचा कोड. मग तो आपल्याकडचे टोन ऐकायला लागतो आणि एक्स४ सुद्धा चालू शकतं. फक्त काही देशांच्या सेटिंगमध्ये एकच नंबर पुन्हा पुन्हा लावायला मोडेम स्वतःच नकार देतो, डिलेड किंवा ब्लॅकलिस्टेड असं उत्तर येतं. घाबरू नका, थोडा वेळ जाऊ द्या किंवा मोडेम बंद करून चालू करा.

एंगेज टोनचंही तेच. आपल्याकडे तो पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेत अर्धा-अर्धा. त्यामुळे पलीकडे एंगेज असताना तुमचा मोडेम बिझी न म्हणता नुसताच थांबून राहिला आणि शेवटी नो कॅरिअर (पलीकडच्या मोडेमचा सूर मिळाला नाही) म्हणाला तर तो बिघडलेला नाही.

६. नंबर लिहायची पद्धत

आता वही उघडा. नंबराच्या मधे ही चिन्हं टाकता येतात:

, (स्वल्पविराम) म्हणजे थांब. किती, ते एस८ मध्ये, साधारण २ सेकंद. दोन टाकले तर चार.
डब्ल्यू म्हणजे पुढचा डायल टोन येईपर्यंत थांब.
@ म्हणजे रिंग वाजून पलीकडे उचललं जाऊन पाच सेकंद शांतता होईपर्यंत थांब.
! म्हणजे क्षणभर लाइन सोडून परत पकड, इंटरकॉमवर कॉल ट्रान्सफर करताना आपण फोनचं फ्लॅश दाबतो तसं.
; (अर्धविराम) शेवटी टाकला तर नंबर लावून मोडेम कमांडला परत येतो, जुळणी करायला जात नाही.

हा अर्धविराम फार उपयोगी आहे. एटी डी टी, तुमचाच मोबाइल नंबर, शेवटी ; असं करून बघा (लँडलाइनवरून मोबाइलला २०२१ पासून आधी शून्य लागतं हे विसरू नका). मोबाइल वाजला की तुमचा नंबर लिहिणं बरोबर आहे हे सिद्ध झालं, जुळणीची भानगड नंतर. ठेवायला एटी एच.

डब्ल्यू ऐकायला स्वल्पविरामापेक्षा छान वाटतं, पण वर सांगितलं तसं मोडेमला आपला टोन ओळखताच येत नसेल तर तो डब्ल्यूवर अडकून बसतो. मी स्वल्पविरामच वापरतो.

माझ्या वहीत दुसरा टोन अडीच सेकंदांनी होता. मी घाईत एकच स्वल्पविराम टाकला, म्हणजे दोन सेकंद. नंबर पुण्याच्या मित्राचा, त्याच्याकडेही असाच मोडेम आहे. इंटरकॉमचं शून्य, स्वल्पविराम, मग ०२० आणि पुढचे आठ आकडे. झालं असं की बाहेरची लाइन मिळायच्या आत एसटीडीचं शून्य जाऊन पडलं आणि वाया गेलं, एक्सचेंजपर्यंत पोचलं ते २० पासून पुढचं. आमच्या साताऱ्यात लोकल नंबर सहा आकडी, त्यामुळे एक्सचेंजने पहिले सहा आकडे घेतले आणि गावातल्याच कुणाच्या तरी घरी फोन लावला. मोडेमच्या स्पीकरमधून एक म्हातारा आवाज आला, "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" आणि माझा मोडेम शांत, कारण फोन लावणारा मोडेम पलीकडून सूर येईपर्यंत बहुतेक वेळ गप्पच असतो. मिनिटभराने त्याने लाइन सोडली, आणि मला काही सुचायच्या आत रीडायलने पुन्हा तोच नंबर लावला. दुसऱ्यांदा आजोबांच्या आवाजात काळजी होती, बाहेरगावच्या पोराचं नाव घेऊन विचारत होते, तूच आहेस का म्हणून. मी वायर उपटली, तेच आकडे हाताने लावले आणि त्यांची माफी मागितली.

स्पीकर चालू होता म्हणून कळलं. बंद असता तर रात्रभर त्या घरात फोन वाजत राहिला असता. म्हणून नवा नंबर पहिल्यांदा लावताना रीडायल शून्य आणि स्पीकर चालू, हा नियम कृपा करून पाळा, आणि स्वल्पविराम टाकताना कंजूषी करू नका. अडीच सेकंद असेल तर दोन स्वल्पविराम. दीड सेकंद जास्त थांबल्याने काही बिघडत नाही.

७. विंडोजचे डायलिंग रूल्स

विंडोजमधून कनेक्शन बनवलं की ते देश, एरिया कोड, बाहेरच्या लाइनचा आकडा असं सगळं विचारतं आणि त्यावरून नंबर स्वतःच जुळवतं. हे डायलिंग रूल्स कंट्रोल पॅनेलमध्ये, विंडोज ९८ ला मोडेम्समध्ये, एक्सपी आणि पुढे फोन अँड मोडेममध्ये.

इथे एरिया कोड शून्य न लावता लिहायचा. पुणे म्हणजे २०, ०२० नाही. आपल्याला लहानपणापासून शून्यासकट पाठ असतो त्यामुळे हात आपोआप शून्य टाकतो. पण एसटीडीचं शून्य विंडोज स्वतः लावतं, म्हणजे तुमचं एक आणि त्याचं एक मिळून दोन शून्यं होतात, आणि दोन शून्यं म्हणजे आयएसडी. मग ००२० म्हणजे पुणे राहत नाही, ते इजिप्त होतं. नाशिकच्या ०२५३ चं ००२५३ झालं की जिबूती, कोल्हापूरच्या ०२३१ चं लायबेरिया, सांगलीच्या ०२३३ चं घाना, आणि आमच्या साताऱ्याच्या ०२१६२ चं ट्युनिशिया. आयएसडी बंद असेल तर नुसती टेप ऐकू येते. चालू असेल तर बिल येतं.

त्याच खिडकीत खाली "नंबर असा लावला जाईल" अशी ओळ असते, सगळं भरून झालं की ती ओळ वहीतल्या ओळीशी अक्षर न अक्षर जुळवा.

दुसरा सापळा कॉल वेटिंगचा. कॉल वेटिंग बंद करण्यासाठी एक चौकोन आहे आणि त्यात *७०, ७०#, ११७० असे तयार पर्याय आहेत. हे अमेरिकेतले कोड, आपल्याकडे निवडलेत तर तुमच्या नंबराआधी ते आकडे जातात आणि कॉल भलतीकडेच जातो नाहीतर तुटतो. चौकोन रिकामा ठेवा, कॉल वेटिंग हवं तर फोनवरून वेगळं बंद करून घ्या, कारण कॉल चालू असताना मधे ती टुं टुं आली तर मोडेम तुटू शकतो हे मात्र खरं.

बाहेरच्या लाइनसाठी ० किंवा ९ लिहिताना त्याच्या पुढेच स्वल्पविराम लिहा, लोकलच्या आणि एसटीडीच्या दोन्ही चौकोनांत.

खरं सांगू का, एकाच ठिकाणी बसून एकच नंबर लावायचा असेल तर हे रूल्स वापरूच नका. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये एरिया कोड आणि डायलिंग रूल्स वापरण्याची टिक काढा आणि नंबराच्या जागी पूर्ण ओळ स्वतः लिहा, शून्य, स्वल्पविराम, सगळं. जे लिहिलंय तेच जातं. हे रूल्स लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांसाठी होते.

जुन्या डायरीतला किंवा जुन्या कनेक्शनमधला नंबर उचलणार असाल तर नीट बघा. ९५ ने सुरू होणारे नंबर सापडतील, काही वर्षं जवळच्या एसटीडीला शून्याऐवजी ९५ लावायचो ते, आता ते चालत नाहीत. १७२ ने सुरू होणारे सापडतील, ते डायल-अप इंटरनेटचे. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं त्यानंतरची कित्येक वर्षं घराघरात असेच नंबर लागायचे. आणि ०० ने सुरू होणारा अनोळखी नंबर दिसला तर ते कनेक्शन लगेच डिलीट करा. त्या काळी डायलर नावाचे व्हायरस असायचे, गुपचूप नंबर बदलून परदेशात महागडा कॉल लावायचे, जुन्या हार्डडिस्कवर ते अजून झोपलेले असू शकतात.

८. किती वेळ थांबायचं, किती वेळा लावायचं

एस७ म्हणजे नंबर लावल्यावर पलीकडच्या मोडेमच्या सुराची किती सेकंद वाट बघायची. बहुतेक ठिकाणी ५० किंवा ६० असतो. पलीकडचा मोडेम चौथ्या रिंगला उचलत असेल, वर जुळणीला वीस-पंचवीस सेकंद, तर ५० कमी पडू शकतात. मी ९० ठेवतो.

एस१० म्हणजे सूर तुटल्यावर किती वेळाने कॉल सोडायचा, सेकंदाच्या दहाव्या भागात. मूळ १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद. लाइन मधेच खट्ट करत असेल तर ५० करून बघा.

रीडायल विंडोजच्या कनेक्शनमध्ये ऑप्शन्समध्ये. पूर्वी एंगेज लागायचं म्हणून लोक पन्नास वेळा ठेवायचे. आता ३, आणि दोन कॉलमध्ये एक मिनिट. नव्या नंबराला शून्य, वर सांगितलं तसं.

९. घरातल्या घरात कॉल

इंटरकॉम बॉक्सच्या एका एक्स्टेन्शनला पहिला मोडेम, दुसऱ्याला दुसरा. समजा दुसऱ्याचा नंबर २२. दुसऱ्या मोडेमवर एटी एस०=२ द्या, म्हणजे दोन रिंगला तो स्वतः उचलेल. पहिल्यावर एटी एक्स३ डी टी २२.

आता ऐका. खट्ट, घुर्रर्र, दोन आकडे, रिंग, मग पलीकडून एक लांब सूर, मग दोघांचं कर्र खर्र सुरू, आणि अचानक शांतता. स्क्रीनवर कनेक्ट. मी "आई" हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला आणि पलीकडच्या खोलीतून भाची ओरडली, "मामा, इथे आलं!" तीन आठवडे त्या एका शब्दासाठी घालवले होते.

कनेक्ट ११५२०० असं दिसलं तर तो कॉम्प्युटर ते मोडेम असा स्पीड असू शकतो, लाइनवरचा नाही. दोन घरगुती मोडेममध्ये ३३६०० च्या वर जाता येत नाही, खोक्यावर ५६ के लिहिलं असलं तरी. १९९८ च्या व्ही.९० ला, म्हणजे ५६ के च्या पद्धतीला, पलीकडचं टोक थेट डिजिटल लाइनवर लागतं, आणि ते इंटरनेट कंपन्यांकडेच असायचं. तेव्हा २८८०० आला तर समाधान माना.

कॉल चालू असताना कमांडला यायचं असेल तर एक सेकंद काही टाइप करू नका, मग +++ एंटर न मारता, परत एक सेकंद गप्प. ओके आलं की एटी एच.

१०. सेव्ह करा

सगळं जमलं की एटी &डब्ल्यू. नाहीतर मोडेम बंद केला की सगळं गेलं. एटी &व्ही ने काय सेव्ह झालंय ते दिसतं, बऱ्याच मोडेमवर. विंडोज मात्र स्वतःची सुरुवातीची कमांड पाठवून तुमचं सेव्ह केलेलं बदलू शकतं, म्हणून तीच अक्षरं मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डमधल्या जादा कमांडच्या चौकोनातही लिहा. माझ्याकडे तिथे एक्स३ एस६=३ एस७=९० एस८=२ एस११=१५० आहे. लिनक्सवर डब्ल्यूव्हीडायल वापरत असाल तर हीच ओळ त्याच्या फाइलमध्ये इनिट म्हणून टाका.

ही ओळ एका कागदावर लिहून मोडेमच्या पोटाला चिकटपट्टीने लावून टाका, फोन नंबर सोडून.

तरीही अडलं तर

नो डायलटोन: पाचवा भाग, नाहीतर वायर फोनच्या खाचेत आहे. एरर: कमांडमधलं काहीतरी त्या मोडेमला कळत नाही, एकेक तुकडा वेगळा देऊन बघा. नो कॅरिअर जुळणी सुरूच न होता आला: नंबर चुकलाय किंवा पलीकडे माणसाने उचललं. नो कॅरिअर जुळणीच्या मधे आला: लाइनची खरखर, पॅरलल फोन, किंवा फायबर. रिंग जातेय, उचललं जात नाही: पलीकडे एस० शून्य आहे.

आणि मे महिन्यात आभाळ भरून यायला लागलं की नुसता स्विच बंद करून उठू नका, फोनची पिनही काढा. वीज फोनच्या तारेतून आत येते, खांबावरची लाइन असेल तर जास्तच, आणि पूर्वी वळवाच्या पहिल्या पावसानंतर रिपेअरवाल्याकडे जळलेल्या मोडेमचा ढीग लागायचा. माझा दुसरा मोडेम त्यातच गेला, पिन तेवढी राहिली होती.